माळ कुणी घातली?

फोनवर कुठल्याही शॉपिंग अ‍ॅपमध्ये ‘हिप्पी कॉस्च्युम’ असं टाकून बघा. कॉलेजच्या रेट्रो डेसाठी, ऑफिसातल्या थीम पार्टीसाठी तयार सेट समोर येतात. कपाळाला बांधायची पट्टी, गोल काचांचा रंगीत चष्मा, झालरीचं जाकीट आणि गळ्यात घालायला मण्यांची लांब माळ. सेटमधलं बाकी काही नसलं तरी चालतं, माळ मात्र लागते. साध्या जीन्स-टीशर्टवर तेवढी एक माळ चढवली की समोरच्याला कळतं, हा आज हिप्पी झालाय.

कॉलेजात असताना मीही अशी एक माळ घेतली होती. तपकिरी लाकडी मण्यांची, पोटापर्यंत येणारी. सुट्टीत तीच घालून गावी गेलो. आजी माळकरी. तिनं माझ्या माळेकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, “कुणी घातली?” मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, “कुणी म्हणजे? मीच. दीडशे रुपयांना मिळाली.” आजी हसली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

हा प्रसंग इतक्या वर्षांनी आठवला तो ‘हरे रामा हरे कृष्णा’ पुन्हा बघताना. पडद्यावर झीनत अमान धुरात डोलत होती आणि माझं लक्ष सारखं तिच्या गळ्याकडे जात होतं. हिप्पींच्या माळा आपण सिनेमांत, मालिकांत, जाहिरातींत शेकडो वेळा पाहिल्यात. त्या सगळ्यांत आजीचा हा साधा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. या लेखात तो विचारून बघायचा आहे.

टायच्या जागी मणी

१४ जानेवारी १९६७. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये ‘ह्यूमन बी-इन’ नावाचा मेळावा भरला. कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग आणि गॅरी स्नायडर होते, एलएसडीचा प्रचारक टिमथी लीअरी होता, रॉक बँड होते आणि हजारोंनी तरुण मुलंमुली होती. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. सैन्यभरती सक्तीची होती. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला घरी पत्र येणार आणि त्याला दूरच्या देशात मरायला किंवा मारायला जावं लागणार, ही भीती त्या गर्दीतल्या बहुतेक घरांत होती.

या मुलांच्या गळ्यात ज्या माळा दिसायला लागल्या त्यांना ‘लव्ह बीड्स’ म्हणत. काचेचे, लाकडाचे, बियांचे मणी घ्यायचे, दोऱ्यात ओवायचे आणि कुणाला तरी द्यायचे. माळेला किंमत अशी फारशी नसायची. ती कुणी ओवली आणि कुणाला दिली, याला महत्त्व. त्याच वर्षी जूनमध्ये मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हल झाला. त्या काळातले जॅनिस जॉप्लिनचे फोटो पाहिले तर गळ्यात एकावर एक माळांचे थर दिसतात. महिन्याअखेरीस बीटल्सचं प्रेमाबद्दलचं गाणं उपग्रहामार्फत जगभर थेट दाखवलं गेलं. त्या स्टुडिओतही फुलं होती, मणी होते.

आपल्याला आज यात धाडस दिसत नाही, कारण आपल्याकडे पुरुषाच्या गळ्यात माळ असणं नवीन नाही. वारकऱ्याच्या गळ्यात तुळस, गोसाव्याच्या गळ्यात रुद्राक्ष, हे आपण लहानपणापासून पाहतो. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय पुरुषाच्या गळ्यात मात्र दिवसा एकच गोष्ट असायची, टाय. म्हणजे नोकरी, शिस्त, बापाचा शब्द. त्या जागी मुलानं रंगीत मणी घातले की बापाला दोन गोष्टी एकदम दिसायच्या: हा कामावर जाणार नाही आणि हा बायकांसारखा वागतोय. लांब केस आणि मणी यांच्यापायी पोरांना घराबाहेर काढलं गेलं, रस्त्यावर मारही बसला. माळ स्वस्त होती, पण ती घालून हिंडण्याची किंमत मोजावी लागत होती.

पुढे हेच मणी खुद्द व्हिएतनाममध्ये पोचले. युद्धाच्या शेवटच्या वर्षांतल्या छायाचित्रांत अमेरिकी सैनिक गणवेशावर माळा आणि शांततेची चिन्हं घालून बसलेले दिसतात. हातात बंदूक आणि गळ्यात लव्ह बीड्स. ज्या लढाईवर आपला विश्वास उरला नाही ती लढताना हा पोरगा आणखी काय करणार होता? नियमात न बसणारे चार मणी घालायचे, एवढंच त्याच्या हातात होतं.

मणी आले कुठून

‘ह्यूमन बी-इन’ला आणखी एक नाव होतं, ‘टोळ्यांचा मेळावा’. त्याच्या एका पोस्टरवर घोड्यावर बसलेला, हातात गिटार धरलेला मूळ अमेरिकी माणूस होता. हिप्पींनी मणी उचलले त्यांतला एक मोठा साठा अमेरिकेच्या या मूळ रहिवाशांकडचा होता.

त्या लोकांच्या मण्यांबद्दल अमेरिकेत शाळेपासून एक गोष्ट सांगितली जाते. डच वसाहतवाल्यांनी चोवीस डॉलरचे मणी देऊन मूळ रहिवाशांकडून मॅनहॅटन बेट विकत घेतलं. गोष्टीचा सूर असा, की बघा, हे किती भोळे! प्रत्यक्षात १६२६ च्या ज्या पत्रात या व्यवहाराचा उल्लेख येतो, त्यात साठ गिल्डरचा आकडा आहे आणि मण्यांचं नावही नाही. मणी नंतरच्या लोकांनी घातले. मणी म्हणजे क्षुल्लक वस्तू आणि त्यांना भुलणारा तो मूर्ख, हे ठसवायला ते उपयोगी पडले.

खरं तर त्या खंडाच्या ईशान्येकडच्या लोकांत शिंपल्यांपासून बनवलेल्या पांढऱ्या-जांभळ्या मण्यांचे पट्टे असत. त्यांना वॅम्पम म्हणतात. दोन राष्ट्रांमध्ये करार झाला की तो अशा पट्ट्यात ओवला जाई. पट्टा हातात घेऊन जाणता माणूस करार पुन्हा बोलून दाखवी. म्हणजे ज्या मण्यांना गोऱ्यांच्या गोष्टीत फसवणुकीचा माल ठरवलं, ते मूळ मालकांच्या घरी दिलेल्या शब्दाची खूण होते. कुणी दिला, कुणाला दिला, हे विसरलं की पट्टा नुसता शिंपल्यांचा.

दुसरा साठा आपल्याकडचा. गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात राहिला होता. बनारस, कलकत्ता, घाट, साधू असं सगळं बघून गेला होता. १९६५ मध्ये भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद न्यूयॉर्कला उतरले आणि पुढच्या वर्षी त्यांनी इस्कॉनची स्थापना केली. २९ जानेवारी १९६७ ला, म्हणजे त्या मेळाव्यानंतर पंधरवड्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये प्रभुपाद, गिन्सबर्ग आणि ‘ग्रेटफुल डेड’ एकाच मंचावर आले. हरेकृष्णचा गजर झाला. त्या पोरांतल्या काहींनी पुढे तुळशीची माळ घेतली. ती गुरूच्या हातून मिळायची आणि तिच्यासोबत चार नियम यायचे: मांसाहार नाही, नशा नाही, जुगार नाही, लग्नाबाहेर संबंध नाहीत. एलएसडीच्या शहरात राहणाऱ्या पोराला हे नियम काही सोपे नव्हते.

आपल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. मराठीत ‘माळ घालणे’ ही दागिना घालण्याची क्रिया नाहीच. ‘त्यानं माळ घातली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, आता मटण बंद, दारू बंद, एकादशी धरणार, पंढरीची वारी करणार. ती माळ आपल्या हातानं उचलून घालायची नसते. एखाद्या महाराजांच्या, जुन्या वारकऱ्याच्या हातून घालून घ्यायची असते. पंढरपुरात काशीकापडी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीचे मणी घडवून माळा करतात. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून घालेपर्यंत तोंडात घास घ्यायचा नाही, असा दंडक आजही अनेक घरांत आहे. आजीचा प्रश्न तिथून आला होता. माळ आहे म्हणजे घालणारा आहे, आणि घालणारा आहे म्हणजे आपण त्याला काही कबूल केलंय.

नऊ महिन्यांत तेरावं

सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी भागात त्या उन्हाळ्यात देशभरातून मुलांचा लोंढा आला. मागोमाग पत्रकार आले, टीव्हीवाले आले, पर्यटकांच्या बसगाड्या आल्या. दुकानांत तयार माळा टांगल्या गेल्या. ६ ऑक्टोबर १९६७ ला तिथल्याच काही लोकांनी ‘हिप्पीची अंत्ययात्रा’ काढली. शवपेटी खांद्यावर घेतली, तिच्यात मणी आणि इतर हिप्पी सामान टाकलं आणि रस्त्यातून मिरवत नेलं. त्यांचं म्हणणं होतं की हिप्पी हे प्रसारमाध्यमांनी जन्माला घातलेलं पोर आहे, ते आता मेलं, तुम्ही घरी जा.

जानेवारीत मेळावा, ऑक्टोबरात अंत्ययात्रा. नऊ महिन्यांत पहिल्या माणसांनी माळ उतरवून ठेवली होती. जगाच्या बाकीच्या भागात ती त्यानंतर पोचली, आणि पोचली ती मुख्यतः पडद्यावरून. म्हणून पडद्यानं तिचं काय केलं ते नीट बघायला हवं.

जसबीर आणि जेनी

‘हरे रामा हरे कृष्णा’ १९७१ चा. लेखन-दिग्दर्शन देव आनंदचं. काठमांडूत हिप्पींच्या घोळक्यात एक भारतीय मुलगी दिसली, तिथून कथा सुचली, असं त्यानं सांगितलं आहे. मॉन्ट्रियलमध्ये आई-वडील वेगळे होतात. मुलगा आईकडे, मुलगी बापाकडे. सावत्र आईच्या घरात कोंडमारा झालेली जसबीर पळून काठमांडूला जाते आणि जॅनिस होते. वर्षांनी भाऊ प्रशांत तिला शोधत येतो. ती सापडते तेव्हा ‘दम मारो दम’ चालू असतं.

या गाण्यात काय होतं ते बघा. आशा भोसले गातेय, राहुल देव बर्मनची गिटार घुमतेय आणि कॅमेरा जॅनिसवरून हलायला तयार नाही. मोठा चष्मा, गळ्यात माळा, हातात चिलीम. गाण्याच्या शेपटालाच प्रशांत उभा राहतो आणि या सगळ्यांना देवाच्या नावावरून उपदेश करतो. चित्रपटाला वाटतं की आपण हिप्पींना उघडं पाडलं. पण त्यात एक मोठी गफलत आहे. हरेकृष्णचा गजर आणि चिलीम यांची जोडी चित्रपटानं लावली. प्रत्यक्षात तो मंत्र घेऊन माळ घातलेल्या पोरांना पहिली अट नशा सोडण्याची होती. चित्रपटाला दोन वेगळ्या माळांतला फरक कळत नाही, कारण माळ कुणी घातली हे त्याला विचारायचंच नाही. त्याच्या लेखी सगळ्या माळा एकच: बिघडल्याची खूण.

आणि बिघडण्याचं कारण? घर मोडलं. जसबीरला काही म्हणायचं असेल, तिला हे जग कुठल्या विचारानं नकोसं झालं असेल, ही शक्यता चित्रपट विचारात घेत नाही. तिच्या माळेचा अर्थ तिच्या बालपणात शोधला जातो, तिच्या डोक्यात नाही. शेवटी ती गोळ्या खाऊन मरते. प्रशांत शांतीशी लग्न करून उरतो.

आता तेवीस वर्षं पुढे या. १९९४ चा ‘फॉरेस्ट गम्प’, सहा ऑस्कर मिळवलेला. यातली जेनीही मोडलेल्या घरातली, बापानं छळलेली. तीही पळते, तीही हिप्पी होते. वॉशिंग्टनमधल्या युद्धविरोधी सभेत ती पाणी तुडवत फॉरेस्टकडे धावत येते, तो चित्रपटातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. त्यानंतर तिचा प्रवास नशा, मार खाणं, इमारतीच्या कठड्यावर चढणं, आजार आणि मृत्यू असा होतो. फॉरेस्ट मात्र कुठल्याच बाजूचा नाही. तो सांगितलेलं करतो, आणि चित्रपट त्याला यश, पैसा, मुलगा सगळं देतो. एका प्रसंगात तो आपलं शौर्यपदक जेनीला देऊन टाकतो. हे पदकही फितीनं गळ्यात घालायचं असतं. क्षणभर वाटतं, इथे काही घडेल. युद्धात गेलेल्याच्या गळ्यातली वस्तू युद्धाला विरोध करणारीच्या हातात आलीय, म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल. पण बस सुटते आणि गोष्ट पुढे सरकते.

दोन देश, दोन भाषा, मध्ये दोन दशकं, आणि गोष्ट तीच. तिचं घर मोडलं, म्हणून ती हिप्पी झाली, म्हणून मेली. साध्या कपड्यातला पुरुष मागे उरला आणि रडला. रडणं खरं आहे, दोन्ही चित्रपटांत ते आपल्यालाही रडवतं. पण या रडण्यात एक गोष्ट हळूच गिळली जाते. १९६७ मध्ये माळ घालणाऱ्या मुलीकडे युद्धाबद्दल, लग्नाबद्दल, पैशाबद्दल काही म्हणणं होतं. चित्रपटानं ते म्हणणं काढून घेतलं आणि त्या जागी दुःख ठेवलं. दुःखी माणसाशी वाद घालावा लागत नाही, नुसती कीव केली की भागतं.

तरीही जॅनिस जिंकली. आज प्रशांतचा उपदेश कुणाच्या ओठांवर नाही. झीनत अमानला फिल्मफेअर मिळालं, गाणं पन्नास वर्षं वाजतंय. चित्रपटानं जिला मारलं तीच उरली. याचं कारण मला तिच्या गळ्यातच दिसतं. १९७१ च्या हिंदी सिनेमात बाईच्या गळ्यातल्या मण्यांचा अर्थ ठरलेला होता: काळे मणी, दुसऱ्यानं घातलेले, जन्मभर न काढायचे. जॅनिसच्या गळ्यातले मणी तिनं स्वतः घातले होते. थिएटरात बसलेल्या मुलींनी ते पाहिलं.

इथे आजीचा प्रश्नही जरा टोचतो. ‘कुणी घातली?’ हा प्रश्न बाईला विचारला की त्याचा अर्थ बदलतो. तू कुणाची, असा तो होतो. जॅनिसचं उत्तर ‘मीच’ असं होतं, आणि तेवढ्यासाठी चित्रपटानं तिला जिवंत ठेवलं नाही.

वेश बदलला, माणूस गेला

सगळ्याच चित्रपटांनी असं केलं असं नाही. ‘हेअर’ हे संगीत नाटक १९६७ च्या ऑक्टोबरात, हिप्पीच्या अंत्ययात्रेच्या महिन्यातच, न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेला गेलं. मिलोश फोरमननं १९७९ मध्ये त्याचा चित्रपट केला तेव्हा हिप्पींचा वेश जुना झाला होता, युद्ध संपलं होतं. फोरमननं शेवट बदलला. क्लॉडची पलटण व्हिएतनामला जाण्याच्या तयारीत असते. त्याला काही तास सुटी मिळावी, प्रेयसीला भेटता यावं, म्हणून मित्र बर्गर केस कापून घेतो, स्वतःचे कपडे उतरवतो, क्लॉडचा गणवेश चढवतो आणि त्याच्या जागी छावणीत जाऊन बसतो. नेमका त्याच वेळी कूच करण्याचा हुकूम येतो. बर्गर विमानात चढतो. पुढचं दृश्य त्याच्या थडग्याचं.

अख्खा चित्रपट आपण बर्गरच्या वेशाला थट्टेनं घेतलेलं असतं. शेवटी कळतं की वेश ही थट्टा नव्हती. हा वेश घातला तर बागेत नाचतोस, तो घातला तर मरतोस, इतकं सरळ होतं ते. मोडलेल्या घराची, बालपणाची गोष्ट फोरमनला सांगावी लागत नाही. आणि बर्गर जे करतो तेही देण्याच्याच जातीचं आहे. मित्राच्या वाट्याचा गणवेश त्यानं आपल्या अंगावर घेतला. लव्ह बीड्समागची कल्पना मला इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या चित्रपटात दिसली नाही, आणि तिथे ती मण्यांशिवायच आली आहे.

पुण्यातली एकशे आठ मण्यांची माळ

इथवर वाचून वाटेल, माळ कुणी तरी घातलेली असली की झालं, स्वतः घातली की फॅशन. तसं सोपं नाही. त्याचा पुरावा पुण्यात आहे.

१९७० मध्ये मनालीच्या शिबिरात आचार्य रजनीशांनी नवसंन्यासाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. भगवे कपडे, नवं नाव आणि एकशे आठ लाकडी मण्यांची माळ. माळेला लॉकेट आणि लॉकेटात रजनीशांचा फोटो. १९७४ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला आश्रम उभा राहिला आणि युरोप-अमेरिकेतून भारताकडे निघालेल्या त्या पिढीतले कितीतरी जण तिथे येऊन थांबले. सॅन फ्रान्सिस्कोत मैत्रिणीनं दिलेली माळ आता गुरूनं गळ्यात घातलेली झाली. विनोद खन्नानं ऐन भरातली कारकीर्द सोडली ती याच माळेपायी, आणि तो ओरेगॉनच्या रजनीशपुरमला गेला.

नेटफ्लिक्सच्या ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’त (२०१८) ही माळ प्रत्येक चौकटीत आहे. हजारो माणसं, एकाच रंगछटेचे कपडे, प्रत्येकाच्या छातीवर एकच चेहरा. बघताना आधी भारावायला होतं आणि मग धाकधूक वाटायला लागते. मुलाखत देणारे जुने संन्यासी रडतात तेव्हा त्यांचं प्रेम खोटं वाटत नाही. पण त्याच वसाहतीतल्या काहींनी १९८४ मध्ये शेजारच्या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली, हेही खोटं नाही. टाय नको म्हणून मणी घालणारी पिढी एका माणसाच्या फोटोखाली गणवेशात उभी राहिली होती.

१९८५ च्या सप्टेंबरात रजनीशांनी स्वतःच सांगितलं की लाल कपडे आणि माळ यांची आता गरज नाही. मालिका हे सांगते, पण त्या वाक्यानं माणसांच्या गळ्यात काय झालं असेल यावर ती थांबत नाही. मला तिथे थांबावंसं वाटलं. पंधरा वर्षं जी अंघोळीशिवाय उतरली नाही ती माळ काढायला सांगितल्यावर हात मानेमागे नेताना काय वाटलं असेल? मोकळं की उघडं? आणि गोष्ट तिथेही संपली नाही. २०२३ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या त्याच आश्रमात माळ घालून आत जाऊ द्या म्हणून अनुयायांनी आंदोलन केलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. ज्यानं घातली त्यानं काढायला सांगितली, तो जाऊनही तीन दशकं उलटली, तरी माळ घालण्यावरून माणसं दारात उभी आहेत. हिप्पी माळेवर कुणाला आज मराठीत चित्रपट करायचा असेल तर तो काठमांडूत नाही, या दारात सुरू होईल.

बाजारातली माळ

गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर बुधवारचा बाजार भरतो. सत्तरच्या दशकात तो हिप्पींनी सुरू केला. पैसे संपले की आपापलं सामान मांडायचं आणि विकायचं. आज तिथे काश्मिरी, तिबेटी, राजस्थानी विक्रेते असतात आणि कर्नाटकातून आलेल्या लमाणी बायका असतात. मणी, कवड्या, आरसे यांचं काम त्यांच्या स्वतःच्या पोशाखात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण ज्याला बोहो म्हणून रील टाकतो ते त्यांच्या आजीचं रोजचं लुगडं-चोळी आहे. ‘बोहो’ हा शब्द फिरत फिरत युरोपातल्या भटक्या रोमा लोकांपासून आला. म्हणजे एका भटक्या समाजाच्या नावाचा शिक्का मारून दुसऱ्या भटक्या समाजाचं काम विकलं जातं, आणि दोन्ही समाजांना आपापल्या गावात पाणी भरतानाही संशयानं बघितलं जातं.

सणांसारखे भरणारे संगीत महोत्सव, त्यासाठी खास काढलेली ‘फेस्टिव्हल फॅशन’, इन्स्टावरचे फोटो, सगळीकडे माळ आहे. तिच्यामुळे कुणी घराबाहेर काढत नाही आणि कुणी बिघडली म्हणत नाही. हे चांगलंच आहे. जसबीरला मरावं लागलं त्यापेक्षा तिच्या नातीला त्याच माळेत सेल्फी काढता येतोय हे केव्हाही बरं. पण टोकाला लटकणारं ते शांततेचं चिन्ह बघा. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये जेराल्ड होल्टमनं ते काढलं, अण्वस्त्रांविरोधात लंडनहून ऑल्डरमास्टनपर्यंत निघालेल्या मोर्चासाठी. माणसं चार दिवस चालली होती. ते चालणाऱ्यांचं चिन्ह आहे. सेटमध्ये ते चष्म्याबरोबर फुकट येतं.

म्हणून मग माळ घालूच नये का? किंवा वारकऱ्यासारखी, संन्याशासारखी कुणाच्या हातूनच घालून घ्यावी? मला तसं वाटत नाही. कुणी घातलेल्या माळेचं काय होऊ शकतं ते पुण्यात दिसलं, मंगळसूत्रात घरोघर दिसतं. लव्ह बीड्सच्या त्या नऊ महिन्यांत एक तिसरीच गोष्ट थोडा वेळ जमली होती. गुरू नाही, नवरा नाही, दुकानही नाही. एका पोरानं ओवली आणि दुसऱ्याला दिली, आणि दोघांनी मिळून एका गोष्टीला नाही म्हटलं. पडद्यावर हे फारसं आलंच नाही, कारण दोन माणसं खाली मान घालून मणी ओवतायत यात दाखवण्यासारखं काही नसतं.

आजी गेली तेव्हा तिची माळ तिच्याबरोबरच गेली. माझी लाकडी माळ कुठल्याशा खोक्यात आहे, दोरा सैल झालाय. आता मला वाटतं, तिच्या प्रश्नाला ‘मीच’ हे उत्तर चुकीचं नव्हतं. जॅनिसनंही तेच दिलं असतं. मी पुढे लगेच किंमत सांगितली. ती हसली ते त्याला.